सावित्रीचा पूल

मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता महाडपाशी सावित्री ओलांडतो. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी सह्याद्रीची उभी उतरण झपाट्याने उतरते आणि बाणकोटच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. उन्हाळ्यात तिला पाहिले, तर ही कोणाचे काही वाकडे करील असे मनातही येत नाही.

येथे 1928 साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, भर पुरात तो कोसळला. एसटीच्या दोन गाड्या माणसांसह अंधारात नदीत गेल्या. जून 2017 मध्ये नवा पूल खुला झाला. आता मोटार क्षणात पलीकडे जाते. खाली काय घडले होते, हे शेजारच्या प्रवाशाला सांगेपर्यंत नदी मागे पडलेली असते.

‘पूल म्हातारा झाला होता,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण पुलावरचा भार काही रोज सारखा नसतो. आज दोन मोटारी, उद्या मालट्रकांची रांग. आज संथ पाणी, उद्या लोंढा. पूर तर खांबाच्या पायाखालची माती उकरून नेतो आणि ओसरताना तो खड्डा पुन्हा गाळाने भरून टाकतो. वरून पाहणाऱ्याला सारे ठाकठीक दिसते! भाराचा मोठा दिवस आणि ताकदीचा उणा दिवस एकत्र येण्याचा संभव किती, हाच इंजिनिअरांचा खरा हिशेब.

त्या हिशेबात ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असा शब्दप्रयोग असतो. मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्यातला ‘एकदा’ खटकतो. ऐकणाऱ्याला वाटते, एकदा येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत चिंता नाही. अर्थ अगदी निराळा आहे. मडक्यात शंभर चिठ्ठ्या आहेत, एकीवर ‘पूर’ लिहिले आहे. दरसाल एक काढायची, वाचायची आणि परत टाकायची. पन्नास वर्षांत ती निदान एकदा निघण्याचा संभव शेकडा 39, शंभर वर्षांत शेकडा 63. लागोपाठ दोन वर्षे निघाली, तरी नियम मोडत नाही.

महाडकरांना हे गणित शिकवायला नको. 2005 च्या जुलैत त्यांच्या घरांत पाणी शिरले, 2016 साली पूल गेला, 2021 च्या जुलैत पुन्हा बाजारपेठ बुडाली. म्हणून पावसाळा संपला की पुलाचा कठडा रंगवण्याआधी पाण्याखालचा पाया कोणीतरी उतरून पाहावा. पुढच्या वर्षी मडक्यात हात पुन्हा जाणारच आहे.