विमा एजंट, पातळी चौदा

या खेपेला तांबेऱ्यावर लिहीन म्हटलं होतं, ते पुढं ढकलतो. आज पत्त्यांबद्दल. तीन पत्ती नाही, घरच्यांनी निर्धास्त राहावं.

मार्चमधली गोष्ट. मीठ्या बहाराचं अंजीर चालू होतं. माझा आणि शेजारच्या आबांचा माल एकाच पिकअपनं पुण्याला, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. भाडं निम्मं पडतं, एवढंच कारण. कारण आबांचं आणि माझं बोलणं वर्षभर बंद होतं. विहीर सामाईक, दिवसाआड पाळी. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या पाळीत दोन तास मोटर चालवली, आणि मी फ्यूज काढून खिशात घालून घरी आलो. रात्रभर त्यांची बाग तशीच राहिली. तेव्हापासून केबिनमध्ये खांद्याला खांदा लावून बसायचं, पण काही सांगायचं तर ड्रायव्हरला. "त्यांना म्हणावं पाट्या मोजून घ्या." ड्रायव्हर बिचारा आमचा दुभाष्या.

त्या दिवशी माल उतरला, पट्टी मिळाली आणि यार्डाच्या बाहेर गाडीची क्लचप्लेट गेली. मिस्त्री म्हणाला, संध्याकाळ होईल. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. माझा भाचा धनकवडीला खोली करून राहतो, इंजिनिअरिंगला आहे. त्याला फोन केला. आबांना तिथंच सोडणं बरं दिसेना, म्हणून मी ड्रायव्हरला म्हटलं, "त्यांनाही म्हणावं, चला."

खोलीत भाचा आणि त्याचा एक मित्र चटईवर पत्ते मांडून बसलेले. "मामा, चार जण झालो की मजा येते. बसा." आबांनाही बसवलं. ड्रायव्हर पंख्याखाली झोपला.

खेळाचं नाव मंचकिन. अमेरिकेतल्या स्टीव्ह जॅक्सननं २००१ साली काढलेला, चित्रं जॉन कोव्हॅलिकची. राक्षस, तलवारी, जादू असले जे भारदस्त खेळ असतात त्यांची टर उडवायला केलेला. दोन गड्ड्या असतात, एक दारांची, एक खजिन्याची. सगळे पहिल्या पातळीवरून निघतात, दहावी जो आधी गाठेल तो जिंकला. दार उघडायचं म्हणजे वरचं पान उलटायचं. राक्षस निघाला तर तुमची पातळी आणि हत्यारं यांची बेरीज त्याच्यापेक्षा जास्त पाहिजे.

मला पहिलाच राक्षस निघाला तो कुंडीतलं झाड. पातळी एक. आबांनी तोंड भिंतीकडं केलं, पण खांदे हलत होते. अंजिराच्या बागेत जन्म गेलेला माणूस कुंडीतल्या झाडाशी लढतोय म्हटल्यावर हसू येणारच. पुढं एक भली मोठी चिडकी कोंबडी निघाली. वकील निघाले, या खेळात ते राक्षसांत मोडतात, बांधावरून कोर्टात गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. "बेरजेत सोयीस्कर चूक" असं एक पान आहे, ते मिळालं की पातळी फुकट वाढते. ते आबांना मिळालं. मला विहिरीच्या लाईटबिलाची वाटणी आठवली, पण गप्प बसलो.

चित्रं बघता बघता आबा भाच्याला म्हणाले, "असली पानं आमी सावंतवाडीला बघितल्यात. गोल हुती." खरं होतं. काही वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रावर काजूची कलमं बघायला दौरा गेला होता, येताना सावंतवाडीचा राजवाडा पाहिला. एसटीत आम्ही दोघं एकाच बाकड्यावर होतो. राजवाड्यात कारागीर गंजिफा रंगवत बसलेले. दशावतारी गंजिफा, पानं एकशेवीस: दहा अवतार, प्रत्येकाची बारा. एक राजा, एक प्रधान, बाकी एक्का ते दश्शी. दिवसा खेळायला बसलं तर रामापासून सुरुवात, रात्री बसलं तर कृष्णापासून. पानाला चिंचोक्याची खळ, वर लाखेचा हात. मत्स्य राजा, कूर्म राजा, वराह राजा. वराहाचं पान बघून आबा तेव्हा म्हणाले होते, "आपल्या भुईमुगात शिरतंय त्ये ह्येच का?" आमच्या पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गंजिफांना २०२४ साली. म्हणजे मासा-कासवाच्या फौजा पत्त्यांवर लढवणं आपल्याला काही नवं नाही. सगळं आठवलं, पण मी आबांशी बोललो नाही. भाच्याकडं बघूनच "हो" म्हटलं.

मग माझ्या दारातून विमा एजंट निघाला. पातळी चौदा. खोटं वाटेल, पण खेळात खरंच आहे. त्याच्यापुढं तुमची पातळी धरतच नाहीत, फक्त हत्यारं मोजायची. पीकविम्याचे अर्ज भरणाऱ्यांना नियम लगेच समजेल. माझी हत्यारं सातची. हरलो तर हजार मोहरांचा माल जाणार.

"मामा, मदत मागा," भाचा म्हणाला. "एकाचीच घेता येते. बदल्यात खजिन्यातलं काय देणार ते आधी ठरवायचं."

म्हणजे आपली सावडच की. फरक एवढाच, की इथं उरलेले दोघं राक्षसाच्या बाजूनंही पान टाकू शकतात. भाच्याकडं हत्यारं तीनची, त्याच्या मित्राकडं दोनची. आबांकडं आठची. सात आणि आठ पंधरा.

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मी चटईकडं बघत म्हटलं, "आबा, येता का?"

"निम्मी पानं माझी."

"निम्मी तुमची."

"आन् आधी मी उचलनार."

"उचला."

आबांनी हत्यारं पुढं सरकवली. आणि भाच्याच्या मित्रानं शांतपणे एक पान टाकून तो एजंट आणखी मोठा केला. पंधराला काही अर्थ उरला नाही. आता पळायचं. फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडले तर सुटका. मदतीला आलेल्यालाही टाकावा लागतो. मला दोन. आबांना सहा.

"बग," आबा थेट माझ्याकडं बघून म्हणाले, "पळतानाबी तू मागंच."

माझी हत्यारं गेली. शेवटी जिंकलं कोण ते लक्षात नाही.

परतताना दिवे घाटात ड्रायव्हरनं गाणी लावली नव्हती. वर आल्यावर आबा म्हणाले, "उद्याची पाळी तू घे. तुझ्या खालच्या पट्ट्यातली फळं मऊ पडायल्यात, मगाशी पाटीत दिसली." मी हो म्हटलं. फ्यूजचं ना त्यांनी काढलं, ना मी.

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला, तेव्हा जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर आम्ही आमचाच खेळ केला. राक्षस गावातलेच. तांबेरा, पातळी सहा. गळलेली पानं गोळा करून नष्ट केली असतील तर तीननं कमी. रानडुक्कर, पातळी दहा, रात्री वीस. खोडकिडा दिसायला एकचा, पण हत्यार आधीच खाऊन टाकतो. "विद्यापीठाची शिफारस" हे हत्यार पाचचं आहे, मात्र हंगाम संपायच्या आत वाचली असेल तरच. कृषी अधिकारी मंडळींनी रागावू नये, ते पान गड्डीतलं सगळ्यात भारी आहे. "रात्रीची लाईट" शाप म्हणून ठेवलाय.

संध्याकाळी ओट्यावर आबा येतात, शेजारची दोन पोरं येतात. परवा आबांनी एक कोरी पत्रिका मागून घेतली आणि चष्मा लावून बराच वेळ लिहीत बसले. पान गड्डीत सरकवलं, दाखवलं नाही. काल ते मला निघालं. वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: "फ्यूज काढला. एक पाळी बाद. ज्याला निघंल त्यानं चहा करावा."

मी उठून चहा ठेवला.