वळचण

‘वळचण’ हा शब्द हल्ली पावसापेक्षा राजकारणातच अधिक ऐकू येतो. अमका सत्तेच्या वळचणीला गेला, असे वर्तमानपत्रे तुच्छतेने लिहितात. आमच्या फोंड्याकडच्या घरात मात्र या शब्दाला असा कमीपणा नव्हता. भिंतीच्या पुढे हात-दोन हात झुकलेली कौलांची कड ती वळचण. तिच्याखालची कोरडी जागा तीही वळचणच. आणि वासे व भिंत यांमधली सांदही वळचणच. तीत आजोबा कोयता खोचून ठेवीत आणि चिमण्या घरटी करीत. अमरकोशात छपराच्या या कडेला ‘वलीक’ म्हटले आहे. दगडी देवळांत शिल्पकारांनी तिलाच गोलाई देऊन ‘कपोत’ केले. पाखरांशी तिचे नाते तिथेही सुटले नाही!

सुमारे १२० इंच पावसाच्या मुलखात ही कड नसेल, तर मातीच्या भिंतीचा पाया दोन पावसाळ्यांत विरघळेल. पण वळचणीखाली केवळ भिंतच कोरडी राहत नसे.

आमच्या देवळाच्या वळचणीला दर सोमवारी आरतीच्या वेळी एक म्हातारी उभी असे. तिची फुले आत जात, ती जात नसे. पाऊस तिरपा आला की तिची पाठ भिजे. ‘ती तिथेच उभी राहते,’ एवढेच आजी सांगे. आणि चिमण्यांप्रमाणे तीही वळचणीचीच, अशी माझी समजूत झाली होती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे १७ वे कलम येथेही आले. तेव्हा मी धीर करून तिला म्हटले, ‘आत चल.’ ती हसली. ‘हांव हांगाच बरी, बाबा.’ आत बसलेल्या माणसांकडे पाहून ती तसे म्हणाली, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

जीर्णोद्धारात कौले गेली, सिमेंटचे सपाट छप्पर आले. भिंती आता उघड्यावर भिजतात, शेवाळतात. सारे जण आत जातात, हे उत्तमच झाले. गेल्या श्रावणात दारावर पत्र्याची झड घालण्याचा ठराव महाजनांपुढे आला. मसुद्यात ‘शेड’ असे होते. मी ते खोडून ‘वळचण’ लिहिले. मग ती भिजलेली पाठ आठवली, आणि कागद तसाच पुढे सरकवावा की नाही, याचा विचार करीत मी बराच वेळ बसून राहिलो.