मास्ट्रिख्टचे चर आणि पहाऱ्याची भाषा

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, मास नदीच्या काठी मास्ट्रिख्ट हे शहर वसले आहे. बेल्जियमची सीमा लगतच आणि जर्मनीही फार दूर नाही, अशा या जागी नदी ओलांडण्याची वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती मोठा प्रदेश येत असे. त्यामुळे या शहराला वेढ्यांची सवयच होती. 1229 सालच्या तटबंदीतील हेल्पोर्ट दरवाजा आजही उभा आहे. पुढच्या काळातील बरेचसे बुरूज 1867 नंतर पाडले गेले. परंतु पश्चिमेकडील वाल्डेक उद्यानाखालची जुनी लष्करी भुयारे शिल्लक असून वाटाड्याबरोबर ती पाहता येतात.

याच पश्चिमेच्या बाजूस, 1673 च्या जून महिन्यात, फ्रान्सचा राजा चौदावा लुई सैन्यासह उतरला. वेढ्याची आखणी व्होबाँ या अभियंत्याकडे होती. तटाला समांतर असे लांब चर एकापुढे एक खणावयाचे आणि वाकड्यातिकड्या चरांनी ते जोडीत तटाच्या जवळ सरकावयाचे, ही त्याची पद्धत येथे प्रथम पूर्णत्वाने वापरली गेली.

या चरांच्या पहाऱ्याची एक स्वतंत्र भाषा होती. रात्रीच्या अंधारात पहिली कुदळ पडे, त्याला ‘चर उघडणे’ म्हणत, आणि वेढ्याचे दिवस तेथूनच मोजले जात. चराचा आरंभ, म्हणजे तटापासून सर्वांत दूरचे टोक, हे त्याचे ‘शेपूट’. शत्रूच्या अगदी समोर आलेले टोक हे ‘डोके’. पलटण पहाऱ्यावर गेली की ‘चर चढली’ आणि पाळी संपली की ‘चर उतरली’. प्रत्यक्षात शिपाई जमिनीखाली उतरत असे. तरी शब्द मात्र चढण्याचाच. दर 24 तासांनी पाळी बदले. पहारेकऱ्यांनी स्वतः खणावयाचे नव्हते. खणणाऱ्यांचे रक्षण करावयाचे आणि किल्ल्यातून अचानक बाहेर पडणारी तुकडी परतवावयाची, हे त्यांचे काम.

आपल्या मराठीतही वेढ्यांनी शब्द ठेवले आहेत. फारसीतून आलेला ‘मोर्चा’ म्हणजे मुळात अशीच खणून, बांधून काढलेली जागा. आज तो रस्त्यावरून चालतो. ‘पहारा’ हा शब्द ‘प्रहरा’तून आला. दिवसाचे आठ प्रहर, प्रत्येक तीन तासांचा; जागणाऱ्याच्या कामाला काळाच्या मापानेच नाव मिळाले.

24 जूनच्या रात्री टोंगेरेन दरवाजासमोरच्या अर्धचंद्राकृती बुरुजावर हल्ला झाला. राजाच्या बंदूकधारी स्वारांचा नायक दार्तान्याँ त्यात होता. बुरूज हाती आला आणि त्याच्या माणसांची पाळी संपली. नियमाप्रमाणे ते चर उतरले होते. परंतु 25 तारखेस किल्ल्यातील लोकांनी बुरूज परत घेतला, तेव्हा दार्तान्याँ इंग्रज सेनानी मॉनमथ याच्या मदतीस पुन्हा पुढे गेला. उघड्या जागेवर गोळी लागून तो तेथेच पडला. पुढे 1844 मध्ये अलेक्झांडर ड्यूमा यांच्या कादंबरीने ते नाव जगभर नेले.

30 जून रोजी किल्लेदार फारिओ याने शरणागती पत्करली. चर उघडल्यापासून तेरा दिवस झाले होते. शिबंदीला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले.

आज त्या चरांच्या जागी झाडे, पायवाटा आणि घरे आहेत. अल्डेनहॉफ उद्यानातील दार्तान्याँच्या पुतळ्याजवळ प्रवासी थांबतात. पुतळा एकाचाच असतो. ज्या खणणाऱ्यांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी ‘शेपूट’, ‘डोके’, ‘चढणे’, ‘उतरणे’ हे रोजचे शब्द होते, त्यांतील बहुतेकांची नावे कोठेच कोरलेली नाहीत. त्यांची आठवण त्या शब्दांनीच राखली आहे.