चिकलठाण्याहून फ्रँकफर्टला, मैलांचा हिशेब करत

दिल्लीच्या विमानाला त्या दिवशी अजिंठा पाहून परतणारे जपानी पर्यटक होते, वाळूजच्या कारखान्यांतले काही इंजिनिअर होते, आणि आमच्यासारखी, लेकीकडे जर्मनीला निघालेली मंडळी. चिकलठाणा विमानतळाच्या काउंटरवर इंजिनिअरांनी आपापला फ्रिक्वेंट फ्लायर क्रमांक धडाधड सांगितला. बाकीचे आपली बॅग किती किलो भरते याच काळजीत.

तसं आमचं छत्रपती संभाजीनगर व्यवहारात कच्चं नाही. २०१० साली इथल्या उद्योजकांनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, त्याही घसघशीत सवलत पदरात पाडून. पण वर्षा-दोन वर्षांतून एकदाच उडणाऱ्याला पॉइंट्सचं गणित चकवतं.

१९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपली फ्रिक्वेंट फ्लायर योजना आणली तेव्हा हिशेब सोपा होता: जितके मैल उडाल तितके खात्यात. आता बऱ्याच कंपन्या अंतर बघत नाहीत, भाडं बघतात. एअर इंडियाने २०२४ मध्ये तोच रस्ता धरला. त्यामुळे ऐनवेळी महाग तिकीट काढून मुंबईला धावणारा व्यापारी पॉइंट्स कमावतो, आणि तीन महिने आधी स्वस्तात तिकीट काढणाऱ्या शहाण्या माणसाला त्याच विमानात कमी मिळतात! वंदे भारतने मुंबई गाठणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही.

इथून उडायचं तर मुख्यतः इंडिगो नाही तर एअर इंडिया. २००६ पासून उडणाऱ्या इंडिगोने ‘ब्लूचिप’ ही स्वतःची योजना आणली ती थेट २०२४ मध्ये. देशातल्या देशात फिरणाऱ्याला ती पुरेल. एअर इंडिया मात्र २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, म्हणजे तिच्या विमानात बसून मैल दुसऱ्याच कंपनीच्या खात्यात टाकता येतात. लुफ्तान्साच्या ‘माइल्स अँड मोअर’मध्ये किंवा सिंगापूरच्या ‘क्रिसफ्लायर’मध्ये ते साधारणपणे तीन वर्षांत बाद होतात. अमेरिकेच्या युनायटेडने २०१९ मध्ये मुदतच काढून टाकली. क्वचित उडणाऱ्याने सगळ्यात आधी मुदत बघावी, असं माझं मत आहे. लाउंज, सोनेरी कार्ड वगैरे थाट दर महिन्याला उडणाऱ्यांसाठी.

अर्थात एक मेख आहेच. स्वस्तातल्या काही तिकिटांवर भागीदार कंपनी नाममात्र मैल देते, कधी एकही नाही. तिकिटावरचं बुकिंग क्लासचं इंग्रजी अक्षर त्यासाठी तपासावं लागतं. आणि कुणाचाच भरवसा कायमचा धरू नये. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची पॉइंट्सची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने पॉइंट्स वाचले, पुढे त्यांचं नाव ‘इंटरमाइल्स’ झालं. पण ज्या विमानासाठी लोकांनी ते साठवले होते, ते विमानच राहिलं नव्हतं.

दिल्लीला टर्मिनल ३ वर हाताशी वेळ भरपूर होता. तिथेच फोनवर आम्हा दोघांची युनायटेडची खाती उघडली. पैसे पडत नाहीत. अडलं ते नावावर. पासपोर्टमध्ये आपल्याकडे बहुधा स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि खात्यातलं नाव तिकिटावरच्या नावाशी जुळावं लागतं. हिने स्वतःच्या नावापुढे माझं नाव जोडलं, कुरकुरतच. फ्रँकफर्टच्या विमानाच्या गेटवर दोन्ही क्रमांक दिले आणि बोर्डिंग पासचे तुकडे पासपोर्टच्या पाकिटात घातले. मैल जमा झाले नाहीत तर मागाहून अर्ज करता येतो, आणि त्याला तिकीट क्रमांक लागतो.