प्रवासातला मुका सोबती

बारामतीच्या आकाशात प्रशिक्षणार्थी वैमानिकांची छोटी विमाने घिरट्या घालतात, हे आम्हा स्थानिकांच्या अंगवळणी पडले आहे. पण अशा विमानातून कुत्र्याला कसे न्यावे, हा प्रश्न माझ्या दवाखान्यात येईल असे कधी वाटले नव्हते. इंदापूरचे एक निवृत्त शिक्षक रक्तदाब तपासून झाल्यावर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अमेरिकेतला आमचा मुलगा स्वतःच चार आसनी विमान चालवतो. नातवाचा अकरा वर्षांचा कुत्रा बरोबर न्यायचा आहे. माझ्या झोपेच्या गोळीतली अर्धी त्याला चालेल का?"

मी स्पष्ट नकार दिला. वाचकहो, त्यामागची कारणे आपल्याही उपयोगाची आहेत.

गुंगीच्या औषधाने श्वसन आणि रक्तदाब मंदावतो, तोल जातो, शरीराचे तापमान राखण्याची क्षमता घटते. काही कुत्री तर शांत होण्याऐवजी अधिकच बिथरतात. त्यातून लहान विमानांच्या कक्षात बहुधा हवेचा दाब राखण्याची सोय नसते. १०,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो. त्या प्रमाणात प्राणवायूही कमी मिळतो. वृद्ध, हृदयविकार असलेल्या किंवा पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला हा ताण सोसेलच असे नाही. म्हणून आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी, हे उत्तम.

अमेरिकेत 'पायलट्स एन पॉज' ही संस्था २००८ पासून हौशी वैमानिकांच्या मदतीने निराधार कुत्र्यांना नव्या घरी पोहोचवते. म्हणजे हा प्रवास अशक्य नाही. शिस्त मात्र हवी. कुत्र्याचे वजन विमानाच्या भारात धरावे. त्याला पिंजऱ्यात किंवा छातीपट्ट्यात मागच्या बाजूस घट्ट बांधावे; मोकळा कुत्रा वैमानिकाच्या पायांशी शिरला, तर सर्वांच्याच जिवावर बेतते. इंजिन पूर्ण बंद असतानाच त्याला चढवावे-उतरवावे, कारण फिरता पंखा त्याला दिसत नाही. पोटभर जेवण टाळावे, पाणी मात्र द्यावे. उतरताना वेग सावकाश ठेवला, म्हणजे कानांवरचा ताणही कमी होतो.

पुढे तपासणीत त्या कुत्र्याच्या हृदयाची कुरकुर ऐकू आली आणि कुटुंबाने मोटारीचा लांबचा मार्ग पत्करला. नातवाला दोन दिवस अधिक लागले, पण सोबती सुखरूप पोहोचला.

आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास बारामती-इंदापूर रस्त्यावरचा. पण नियम तेच. कुत्र्याला मांडीवर किंवा खिडकीबाहेर डोके काढून बसवू नये. उन्हात बंद गाडीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढू शकते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. त्याचा मुख्य आधार धापा टाकण्याचाच. त्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. तेव्हा चहाच्या थांब्यावर "दोनच मिनिटे" म्हणून त्याला गाडीत ठेवू नका.

आणखी एक. घाबरलेला पाळीव कुत्राही चावतो. तसे झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज एकदा जडला, की उपाय जवळजवळ उरत नाही. लस वेळेवर घेतली, तर तो टळतो. कुत्र्याची लसही प्रवासाआधीच पूर्ण करून घ्या. तो आपली अस्वस्थता शब्दांत सांगू शकत नाही. ती ओळखणे ही त्याला बरोबर नेणाऱ्याची जबाबदारी आहे.