दम धरू नका

मराठी माणसाच्या जडणघडणीत 'दम' या शब्दाचा वाटा फार मोठा आहे. लहानपणी भूक लागली की आई म्हणते, "जरा दम धर." नोकरी मिळेपर्यंत वडील तेच म्हणतात, मिळाल्यावर बढतीच्या बाबतीत साहेब तेच म्हणतो, आणि पेन्शनच्या खिडकीवरचा कारकून तर काहीच न म्हणता आपल्याला दम धरायला लावतो. अशा रीतीने साठ वर्षं दम धरण्याचा रियाझ केलेला माणूस मालवणला जातो, होडीत बसतो, आणि पंचविशीतला एक पोरगा त्याला स्कूबा डायव्हिंगचा पहिला नियम सांगतो, "काकानू, पाण्याखाली दम धरूचो नाय!"

हा नियम त्या पोराच्या पदरचा नव्हे. त्याचं मूळ रॉबर्ट बॉईल या गृहस्थांनी १६६२ साली प्रसिद्ध केलेल्या नियमात आहे. दाब वाढला की वायूचं आकारमान घटतं, दाब कमी झाला की वाढतं. शाळेत आपण तो दोन मार्कांसाठी पाठ केला. तो पुढे कधी आपल्या फुप्फुसांना लागू होईल अशी शंका आमच्या मास्तरांनाही आली नसावी. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलात, तर पृष्ठभागाशी ती दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसं म्हणजे काही पँटचा पट्टा नव्हे, की दिवाळीनंतर आणखी एक भोक पाडलं आणि भागलं! छाती भरलेली असेल तर चार-पाच फूट वर येण्यानंही इजा होऊ शकते. म्हणून श्वास चालू ठेवायचा. पूरक चालेल, रेचक चालेल. कुंभक तेवढा समुद्राला मान्य नाही.

पाठीवरच्या नळकांड्याला आपल्याकडे सर्रास 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणतात. त्यात असते ती आपली साधी हवा, दाबून भरलेली. कूस्तो आणि गान्यान या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली ती हवी तेव्हा, हवी तेवढी तोंडात देणारं यंत्र तयार केलं. या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाबाखाली तो रक्तात मुरतो, आणि आपल्याकडच्या पाहुण्यांप्रमाणे येतो लवकर, जातो सावकाश. त्याला घाईनं घालवायला गेलात तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होतात. वर येण्याचा वेग किती असावा याचं पहिलं शास्त्रशुद्ध कोष्टक १९०८ साली हॉल्डेन यांनी प्रसिद्ध केलं, तेही बोकडाबकऱ्यांवर प्रयोग करून. आज मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेगानं वर येऊ नये, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबावं, असा प्रघात आहे. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. सकाळी मालवणला बुडी, संध्याकाळी मोपाहून विमान, असा बेत आखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आंबोलीचा घाट चढणाऱ्यांनीही तिथल्या जाणकाराला आधी विचारावं, कारण सुमारे ७०० मीटरची उंची नायट्रोजनच्या हिशेबी उंचीच असते.

एवढं सगळं ऐकल्यावर वाटतं, की या खेळाला पैलवानच लागत असणार. तसं मुळीच नाही. रीतसर अभ्यासक्रमाला २०० मीटर पोहता यावं आणि दहा मिनिटं तरंगता यावं, एवढीच अपेक्षा असते. पोटाचा घेर असलेल्याला उलट जास्त शिसं कमरेला बांधतात, कारण चरबी बुडायला तयार नसते. मात्र हृदय धड हवं. पाण्यात उतरताच पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयाचं काम वाढतं, आणि मूत्रपिंडांचा असा गैरसमज होतो की अंगात पाणी फार झालंय. (याचा परिणाम होडीत बसलेल्या सर्वांच्या चेहऱ्यावर दिसतो.) वर पंधरा-सोळा किलोंची टाकी पाठीवर घेऊन शिडी चढायची. पाण्याखालच्या मृत्यूंमागे शार्क नव्हे, हृदयविकार हे एक मोठं कारण आहे.

म्हणूनच आधी एक फॉर्म भरून घेतात. दमा आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालंय का, रक्तदाब आहे का. पंचेचाळिशी उलटली असेल तर आणखी चार प्रश्न. मला पडसं झालं होतं. सर्दीनं कानाची नळी तुंबली की नाक दाबून कितीही फुंकलं तरी दाब सारखा होत नाही, तेव्हा मला त्या दिवशी होडीतच बसायचं होतं. आमच्या साडूंनी मात्र तो फॉर्म दीड मिनिटात भरला. सगळीकडे 'नाही'. आयुष्यात कुठलंही सरकारी कागदपत्र त्यांनी इतक्या आत्मविश्वासानं भरलेलं मी पाहिलं नव्हतं.

मेव्हणीबाई खांद्यावरून वाचत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मग सकाळची ती पांढरी गोळी कशाची घेता?"

"ती काय, अशीच."

"आणि दुसऱ्या मजल्यावर दम लागतो तो?"

"आपल्या सोसायटीचे जिनेच उंच आहेत!"

पोरानं शांतपणे फॉर्म परत घेतला. "काकानू, डॉक्टराचो कागद व्हयो. पाण्यात खोटां चालना नाय."

साडू दोन तास होडीत माझ्या शेजारी सर्वांच्या चपला सांभाळत बसले आणि बायकोशी एक शब्द बोलले नाहीत. पुण्यात परतल्यावर केवळ तिला खोटं पाडण्यासाठी ते डॉक्टरांकडे कागद आणायला गेले. डॉक्टरांनी त्यांना चालत्या पट्ट्यावर चढवलं, चार मिनिटांत उतरवलं, आणि घरी सोडलंच नाही. तिसऱ्या दिवशी एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला.

भेटायला गेलो तेव्हा साडू उशीला टेकून, हृदय या विषयावर आम्हालाच व्याख्यान देत होते. आपण वेळेवर डॉक्टरांकडे गेलो हा त्यातला मुख्य मुद्दा. मेव्हणीबाई मोसंबं सोलत होत्या. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी होडीत चारचौघांत बोललात खऱ्या!"

त्या मोसंब्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तीस वर्षं दम धरला होता हो. त्या पोरानंच सांगितलं, धरू नका म्हणून."