ग्रुपवरचं काहीबाही

2020 सालातला मोठा ऐवज नीट जपला गेला आहे. 22 मार्चचा जनता कर्फ्यू, थाळ्या, ऐन गुढीपाडव्याला सुरू झालेली टाळेबंदी, 5 एप्रिलचे नऊ मिनिटांचे दिवे, दूरदर्शनवर परत आलेलं रामायण. यावर पुस्तकं निघाली, माहितीपट निघाले. त्या वर्षी दसऱ्यापासून थर्टीफर्स्टपर्यंत माणसं फोनवर एकमेकांशी जे काहीबाही बोलली, त्याची नोंद मात्र कुणी केलेली नाही. करण्यासारखं त्यात काही नव्हतंही. खाली आठवलं तेवढं उतरवलं आहे, आठवेल त्या क्रमाने.

गावांची नावं. ग्रुप जमला एप्रिलमध्ये. पेपर दारात येणं बंद झालं होतं. ज्याला कुठून तरी मिळायचा तो शब्दकोड्याचा फोटो टाकायचा आणि बाकीचे तुटून पडायचे. एकमेकांना भेटलेलं कुणीच नव्हतं आणि नंबर सेव्ह करायचा सगळ्यांनाच कंटाळा, म्हणून माणसाला गावाचंच नाव पडलं. डोंबिवली, नाशिक, मडगाव, मेलबर्न, न्यू जर्सी. मी सांगली. "नाशिकला सर्दी झालीय, वास येतोय ना विचारा" असं कुणी लिहिलं तर त्यात काही गैर वाटायचं नाही. रत्नागिरीला तेवढं काकू म्हणायचो. त्या निवृत्त शिक्षिका, आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की ताऱ्याची खूण करून दुरुस्ती टाकायच्या. आता त्या ग्रुपवर "हैप्पी बर्थडे" येतं आणि तसंच राहतं.

आडवे 14. दिवाळीपर्यंत कोडं नावापुरतं उरलं होतं. तरी सकाळी कुणीतरी "आडवे 14?" विचारायचं. त्याचा अर्थ, उठलात का सगळे.

बुंदी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, 26 ऑक्टोबरला, मेलबर्नने खोकंभर डोनटचा फोटो टाकला. त्यांच्या व्हिक्टोरिया राज्यात त्या दिवशी नवा रुग्ण एकही नाही. शून्याचा आकार म्हणून लोक डोनट खात होते. इकडचे रोजचे आकडे अजून हजारांत. डोंबिवलीने विचारलं, "मग आपण काय खायचं?" नाशिकचं उत्तर आलं, "बुंदी." त्यावर काकू : "मोजून." त्या वर्षात मी यापेक्षा चांगलं राजकीय भाष्य वाचलेलं नाही.

चकलीचा पंचनामा. न्यू जर्सीला दर वर्षी आईचा फराळ कुरिअरने जायचा. त्या वर्षी पार्सल दिवाळीला पोचेल की तुळशीच्या लग्नाला, कुणीच सांगेना. म्हणून या गड्याने देशी दुकानातून सोऱ्या पैदा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा चकली पाडली. पाडली ती ग्रुपच्या देखत, म्हणजे मेसेज टाकत टाकत. त्याच्याकडे रात्रीचे आठ, आपल्याकडे सकाळचे साडेसहा.

"पडतेय छान."

"तेलात सोडली."

मग बराच वेळ काही नाही. मग एक फोटो : कढईत तपकिरी फेस आणि त्यात तरंगणारे काटे.

"मोहन जास्त झालं," डोंबिवली.

"चकली कुठाय?" मडगाव.

"विरघळली," न्यू जर्सी.

चौकशीला सुरुवात झाली. भाजणी कुणाची? घरची. प्रमाण? चार-दोन-एक : तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक. बरोबर. मोहन? "अंदाजे." इथे सगळ्यांचा सूर बदलला. अंदाजाने मोहन घालायचा हक्क माणसाला किती वर्षांनी मिळतो यावर तासभर बोलणं झालं. तोवर त्याने कोरडी भाजणी मिसळून दुसरा घाणा काढला. तो इतका कडक निघाला की चकली फरशीवर आपटल्याचा व्हिडिओच त्याने पाठवला. खणखणीत आवाज आला. काकू म्हणाल्या, "आता पाण्याचा हबका मार आणि नीट मळ." नाशिक म्हणाला, "आता तुळशीच्या लग्नाचं बघ."

तिसरा घाणा जमला. त्याचा फोटो नाही, कारण त्याचे हात तेलाचे होते. म्हणून कुणी विश्वासही ठेवला नाही.

अनारशाचं बातमीपत्र. तांदूळ भिजत घातले, ही पहिली बातमी. मग पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी निथळून सावलीत फडक्यावर पसरले. दमट आहेत तोवर दळायचे, नाहीतर गेलं सगळं. पीठ चाळलं, गूळ मिसळला, गोळे डब्यात. पुढे काही दिवस बातमी नाही, पीठ मुरत होतं. काकूंच्या वाडीत रेंज मिळायची ती विहिरीपलीकडच्या एकाच नारळाखाली. त्यामुळे फोटो जायचे नाहीत, व्हिडिओ कॉलला तर त्या कधीच आल्या नाहीत. शब्द तेवढे यायचे. तळणीच्या दिवशी दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारत होतं, "हसला का?" खसखस वरच्या बाजूला ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवायचं, जाळी सुटली की हसला. काकूंचा पहिला मेसेज आला : "रुसला." सुतकी शांतता. पंधरा मिनिटांनी : "हसला." इतक्या बदामांची रांग लागली की जणू भारत सामना जिंकला. बाई घर, कढई आणि नारळ अशा खेपा घालत होती, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आवाज येतोय का?" आणि त्यावर तिघांचं एकदम "हो", "नाही", "तू म्यूट आहेस."

झूमची फुकटातली चाळीस मिनिटं. अडतिसाव्या मिनिटाला नेमका कुणीतरी महत्त्वाचा विषय काढायचा. नाशिकच्या मामांच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट "आणि तेव्हा मामी म्हणाल्या" इथेच तुटली. परत जोडणी होईपर्यंत जेवायची वेळ झाली. मामी काय म्हणाल्या ते अजून बाकी आहे.

पहाट. 14 नोव्हेंबर, शनिवार. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकाच दिवशी. दिवाळी पहाटचे कार्यक्रम सभागृहात नकोत, ऑनलाइन करा, असं सरकारने सांगितलं होतं. त्यामुळे साडेचारला उटणं लावून माणसं मोबाइलसमोर बसली. मेलबर्नमध्ये तेव्हा सकाळचे दहा, तिचा नाश्ताही उरकलेला. न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा. तो ऑफिसच्या मीटिंगमधून, कॅमेरा बंद करून, भैरव ऐकत होता. डोंबिवलीचा जीव फडके रोडवर. दर वर्षी सगळं शहर नटून तिथे येतं. ती नथ घालून बाल्कनीत उभी राहिली आणि समोरच्या बाल्कनीतली नटलेली माणसं बघत होती. वर नथ, खाली रात्रीचा पायजमा. फोटो कमरेपर्यंतच.

व्हॉइस मेसेजच्या मागचं. बोलणाऱ्याच्या पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या, "अहो, फोन ठेवा आता", पोळ्या लाटताना पोळपाटाची टकटक, मुलाच्या ऑनलाइन शाळेतल्या बाईंचं "कॅमेरा चालू करा सगळ्यांनी". मडगावच्या प्रत्येक मेसेजमागे एक पोदेर, म्हणजे तिथला पाववाला, भोंगा वाजवत जायचा. पुढे 2021च्या मध्यावर ऐकण्याचा वेग दीडपट, दुप्पट करायची सोय आली. तेव्हापासून ग्रुपवर कुणाचा खरा आवाज कुणी ऐकलेला नाही. काकू दुप्पट वेगाने बोलल्या की रागावल्यासारख्या वाटतात, आणि त्या कधीच रागावत नाहीत.

ओवाळणी. पाडवा आणि भाऊबीज दोन्ही 16 नोव्हेंबरला, सोमवारी. म्हणजे नवरा आणि भाऊ एकाच दिवशी वसूल. त्याच दिवशी राज्यातली देवळंही उघडली. देव, नवरा आणि भाऊ असे तिघे एकदम हाताशी आल्यावर आधी कुणाकडे जावं, याचा मतदान घेऊन निकाल लावला. भाऊ हरला. भावाला फोन टेकवायचा तो तांब्याला. निरांजन फोनपासून किती लांब धरायचं याचा अंदाज यायचा नाही आणि काचेवर काजळी धरायची. नेमकं ओवाळताना नेटवर्क जायचं; भाऊ अर्धा डोळा मिटून, तोंड उघडं टाकून स्तब्ध. बहिणी तशाच ओवाळायच्या. मग गूगल पेची टिंग वाजायची आणि चित्र हलायला लागायचं. पैसे आधी आणि भाऊ नंतर, हा क्रम बहिणींना आवडला असावा. आता भाऊ समोर येऊन बसतात, पण ओवाळणी तिथूनही गूगल पेच करतात.

रिकामा डबा. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत. त्या वर्षी डबे सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या टेबलावर ठेवायचे, दुसऱ्याने न्यायचे, पुसायचे, एक दिवस तसेच ठेवायचे. या देवाणघेवाणीत झाकणं हरवली. डिसेंबरभर ग्रुपवर अनाथ झाकणांचे फोटो फिरत होते, आणि त्यात सांगलीतल्या माझ्या एका झाकणावर नाशिकने हक्क सांगितला.

साठवण. 11 नोव्हेंबरला, म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशी, गूगलने जाहीर केलं की फोटो फुकट आणि अमर्याद साठवायची सोय पुढच्या 1 जूनपासून बंद होणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर सात दिवसांनी मेसेज आपोआप पुसले जायची सोय आली. नाशिक अ‍ॅडमिन. नवं बटण दिसलं की दाबायचं हा त्याचा स्वभाव. त्याने ते दाबलं आणि विसरला. डिसेंबरातलं बोलणं असं आठवड्या-आठवड्याने गेलं. कळलं ते काकू अनारशाच्या पिठाचं कुणी विचारलेलं शोधायला गेल्या तेव्हा. नाशिकला आठवडाभर आडवे-उभे दोन्ही मनाई.

दिवाळीचं बोलणं त्या बटणातून वाचलं. ते असेल अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये. पण तिथे पोचायचं तर बोटाने वर सरकत 2021चा एप्रिल ओलांडावा लागतो. तिथे बेड, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, "कुणाची ओळख आहे का", आणि एकाखाली एक जोडलेले हात. त्या वाटेने कुणी वर जात नाही. बुंदी, चकली, रुसला-हसला हे सगळं त्याच्या पलीकडे पडलेलं आहे.

ठिपका. 21 डिसेंबरला गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ आले की नुसत्या डोळ्यांना एकच तारा दिसावा. संध्याकाळी सगळे गच्चीवर. प्रत्येकाने फोटो पाठवला, प्रत्येकाच्या फोटोत काळ्यावर एक पांढरा डाग. मडगावने पाठवला तो समोरच्या बोटीचा दिवा निघाला. तरी सर्वांत सुंदर तोच होता.

बशी. मडगावला नाताळात शेजाऱ्यांकडे कुस्वाराच्या बश्या जातात : दोदोल, नेवऱ्यो, बेबिंक. त्याने सजवलेल्या बशीचा फोटो टाकला. मंडळी दोदोलाबद्दल काही बोलतील म्हणून बिचारा वाट बघत होता. सगळ्यांनी नेवरीला धरलं आणि "ही आमची करंजी" म्हणून मोजणी खात्यासारखी हद्द ठरवायला बसले. नारळ कुणाचा, कातण कुणाचं. शेवटी त्याने बशी खाऊन रिकाम्या बशीचा फोटो टाकला.

रात्री अकरा. 22 डिसेंबरपासून राज्यातल्या महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी. हा विषाणू दिवसा झोपतो का, त्याला घड्याळ कुणी दिलं, हे विनोद त्या आठवड्यात प्रत्येक ग्रुपवर झाले, आमच्याही. त्यात जपण्यासारखं काही नाही.

थर्टीफर्स्टला मात्र मेलबर्नचा मेसेज आला तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहाच वाजले होते. "मी 2021मध्ये पोचले. बरं दिसतंय. या." दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता न्यू जर्सी : "मी अजून 2020मध्येच आहे, अर्धा तास उरलाय, कुणीतरी ओढा रे बाहेर." डोंबिवलीने एक चकली फेकल्याचा व्हिडिओ टाकला.

"एकदा हे संपलं की." या वाक्याने सुरू झालेले बेत : रत्नागिरीला हापूस, नाशिकला मिसळ, मडगावला मिळेल ते, कृष्णाकाठी माझ्याकडे भडंग. यातला एकही झाला नाही. हे संपलं आणि प्रत्येकाला ऑफिस, गाडी, लग्नं, सगळं परत मिळालं.

2022मध्ये डोंबिवली आणि मी दादरला भेटलो, कबुतरखान्यापाशी. ती एका लग्नाच्या खरेदीला आली होती, मी दुसऱ्याच्या. समोरासमोर उभ्या राहिलो आणि काय बोलावं सुचेना. ऊन किती आहे, लोकलला गर्दी किती आहे, यावर थोडं बोललो. शेवटी सेल्फी काढून ग्रुपवर टाकली. लगेच सगळे जागे झाले. नाशिकला साड्यांचा भाव हवा होता. न्यू जर्सीने रात्री जागून विचारलं, चकली खाल्लीत का. मग मडगाव आला, मेलबर्न आली. आम्ही दोघी फूटपाथवर कडेला सरकून, एकमेकींना कोपर मारत, आपापल्या फोनवर उत्तरं टाइप करत उभ्या.

काकू बहुतेक विहिरीपलीकडे जाऊन आल्या. त्यांचा मेसेज सगळ्यांत शेवटी आला :

"छान दिसताय हो. पण यातली डोंबिवली कुठची?"